कॅमेऱ्यावरची टोपी

बाबा मोरीत घसरून पडले तेव्हा आईला त्यांना उचलता आलं नाही. शेजारचं घर द्राक्षबागेच्या पलीकडे. तिनं हाका मारल्या, पण कुणाला ऐकू गेल्या नाहीत. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला, आणि बाबांना तसं सोडून उठायचा तिला धीर होईना. शेवटी खांद्यावरच्या टॉवेलची घडी त्यांच्या डोक्याखाली घालून ती ओल्या फरशीवर त्यांच्याशेजारी बसून राहिली. दूधवाला आला, त्यानं बाबांना उठवून पलंगावर नेलं.

हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. पण मला हे दुपारी कळलं, तेही चुलतभावाकडून. मी चिडून फोन केला तर आई म्हणाली, "अगं, तुझं कॉलेज असतं. उगाच कशाला तुझा जीव टांगणीला लावायचा?"

मी नाशिकला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माहेर निफाडच्या अलीकडे, रस्ता मोकळा असेल तर तासाभराच्या आत पोचता येतं असं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, परदेशात असतो. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "कॅमेरा लावू."

आठवड्याभरात कॅमेरा आला. गुळगुळीत, पांढरा, लाडवाएवढा. तो बसवायला मी आणि नवरा रविवारी गेलो. हॉलमधल्या शोकेसवर ठेवला की पुढचं दार, झोपाळा, बाबांची खुर्ची आणि स्वयंपाकघराचं तोंड असं सगळं दिसत होतं. बाबा खुर्चीतून बघत होते.

"ह्याच्यातून तुला आम्ही दिसणार?"

"हो."

"आणि आम्हाला तू?"

"नाही, तुम्हाला नाही दिसणार. पण मी बोलले तर ऐकू येईल."

बाबांनी मान हलवली. आईनं मात्र पदर नीट केला आणि विचारलं, "आता दिसतेय का मी?" मी मोबाइल तिच्यापुढे धरला. स्वतःला वरून, लहानशी, स्वतःच्याच घरात उभी असलेली पाहून ती खुदकन हसली. "बाई, किती जाड झालेय मी!"

सुरुवातीचे दिवस फार बरे गेले. दोन तासिकांच्या मधल्या वेळात स्टाफरूममध्ये मोबाइल उघडायचा, बाबा पेपर वाचतायत, आई झोपाळ्यावर बसून शेंगा सोलतेय, एवढं बघायचं आणि बंद करायचा. छातीवरचं काहीतरी हलकं व्हायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, हे आपण आधीच करायला हवं होतं.

मग ते एकदा बघून भागेना. घरात काही हललं की मोबाइलवर सूचना यायची: हालचाल आढळली. पडदा हलला तरी, मांजर आलं तरी, उन्हाची तिरीप सरकली तरी. पहिल्या सूचनेला उघडलं नाही तर दुसऱ्या सूचनेपर्यंत माझं मन ठिकाणावर राहायचं नाही. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता पर्समध्ये मोबाइल थरथरला की माझा हात थांबायचा. वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. भाजी घेताना, सिग्नलला, कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी बघत असायचे. आणि बघून कळायचं काय? बाबा बसलेत. आई बसलीय. पण आता दिसलेलं पुढच्या मिनिटाला शिळं व्हायचं.

एके संध्याकाळी नवरा जेवताना काहीतरी सांगत होता. मी हुं, हुं करत होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "तुझ्या ऑफिसात बदल्यांचं चाललंय म्हणालास ना? तुझं काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "मी काल सांगितलं की. पुण्याला जाता का म्हणून विचारलं, मी नाही म्हणून कळवलं. तुला आईबाबांचं बघायचं असतं, तू इथंच बरी, असंही म्हणालो. तू हो म्हणालीस."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. बाबा काल त्याच वेळी खुर्चीवरून उठून कुठं गेले आणि परत किती वेळानं आले, ते मात्र नीट आठवत होतं.

ॲप तिघांच्या मोबाइलवर होतं. माझ्या, दादाच्या आणि वहिनीच्या. आमच्या घरच्या ग्रुपवर पूर्वी वाढदिवस आणि गणपतीचे फोटो यायचे. आता कॅमेऱ्यातली चित्रं यायला लागली. "बाबांनी काठी घेतलेली नाही." "आईनं पुन्हा स्टुलावर चढून डबा काढला." "आज चहा तिसऱ्यांदा." खाली वहिनीचा काळजीचा चेहरा, माझं "सांगते मी". त्या ग्रुपवर आईबाबाही होते. आईला ग्रुप उघडता यायचा नाही आणि बाबांना यायचा, हे आम्हाला कसं सुचलं नाही कोण जाणे.

आणि मग तो सकाळचा प्रसंग. मला पहिला तास नव्हता, मी स्टाफरूममध्ये मोबाइल उघडून बसले होते. बाबा खुर्चीतून उठले. एका हातात चहाचा कप, दुसरा हात भिंतीला. काठी खुर्चीला टेकवलेलीच. तेवढ्यात त्या हॉलमध्ये दादाचा आवाज घुमला.

"बाबा! काठी!"

दादाही त्याच वेळी बघत होता, तिकडून, झोपायच्या आधी. बाबा असे दचकले की कप हातातून सुटला. ते गर्रकन मागे वळले, मग दाराकडे, मग वर. आवाज कुठून आला हे कळायला त्यांना काही क्षण लागले. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे. लहानपणी मी परवानगीशिवाय त्यांचं कपाट उघडलं होतं तेव्हा त्यांनी असंच बघितलं होतं, रागानं नाही, नुसतं थांबून.

"लागलं का बाबा?" दादाचा आवाज पुन्हा आला.

बाबांनी उत्तर दिलं नाही. काठी घेतली, आणि चित्राच्या बाहेर चालत गेले. आई फडकं घेऊन आली, चहा पुसला, काचा गोळा केल्या. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "काही झालं नाही रे. तू झोप आता."

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी दिसायला लागली. बाबा सकाळी उठून मागच्या दारी जायचे. तिथं पत्र्याच्या शेडखाली द्राक्षांचे रिकामे क्रेट रचलेले असतात. बाग आता चुलतभाऊ वाट्यानं करतो, पण शेड अजून बाबांचीच. एक क्रेट उलटा टाकून ते त्यावर बसायचे. हे मला आईकडून कळलं, कारण कॅमेऱ्यातून शेड दिसत नव्हती. मला दिसायची ती खुर्ची, तिच्यावरची उशी आणि तिच्या हातावर घडी करून ठेवलेला पेपर.

आईचं उलटंच झालं.

ती नीटनेटकी राहायला लागली. घरात एरवी विटलेली साडी नेसणारी आई सकाळीच धुतलेली, चांगल्या काठाची साडी नेसून हॉलमध्ये यायची. केसात अबोली. कुरडया केल्या तर ताट कॅमेऱ्यापुढे धरून दाखवायची. आणि बोलायची. हे मला सगळ्यात नवीन होतं. फोनवर माझी आई म्हणजे "बरी आहे, जेवलीस का, बरं ठेवते." त्यापुढे कधी गेली नाही. पण दुपारी झोपाळ्यावर लसूण सोलत ती त्या पांढऱ्या डोळ्याशी अशी बोलायची की मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ॲपनं साठवलेले ते तुकडे ऐकत राहायचे.

"आज पेठ तालुक्याकडच्या मजूरबाया आल्यात बागेत. त्यातली एक इतकी छान गाते गं. मी कुंपणापाशी जाऊन ऐकलं. मलाही गाता यायचं, तुला माहीतच नाही. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, बाईच्या जातीनं मोठ्यानं गाऊ नये. मग राहून गेलं."

मला खरंच माहीत नव्हतं. मी तिची मुलगी, तिच्याच घरात वाढले, आणि हे मला एका ॲपमधून कळत होतं. मला ते हवंहवंसं झालं होतं. रोज ऐकल्याशिवाय चैन पडेना. पण त्याच्याबद्दल तिच्याशी फोनवर बोलायला गेलं की ती संकोचायची. "हो का, ऐकलंस का? असंच आपलं," म्हणून विषय बदलायची.

एक दिवस ती बाबांबद्दल बोलली. "तुझे बाबा आता माझ्याजवळ बसत नाहीत. चहा दिला की मागं घेऊन जातात. जेवायला तेवढे येतात. घरात दोघंच माणसं, त्यातलं एक मागं आणि एक पुढं. मी काय भिंतीशी बोलू? तुमच्याशी बोलते मग."

हे दादानंही ऐकलं. त्यानं बाबांना फोन लावला आणि आईला एकटं का सोडता म्हणून विचारलं. बाबांनी काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. मला कळलं ते दुसऱ्या दिवशीचं.

दुपारची वेळ होती. माझा शेवटचा तास संपला होता. मी मोबाइल उघडला तर आई झोपाळ्यावर बसलेली, आणि बाबा किती दिवसांनी हॉलमध्ये. ते सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं येत होते. त्यांचा चेहरा मोठा मोठा होत गेला, पडदाभर झाला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. क्षणभर त्यांचं पांढरं, विरळ डोकं दिसलं, आणि मग नुसता धूसर पांढरा अंधार. टोपीच्या कापडाची वीण तेवढी दिसत होती.

पण आवाज येत होता.

"अहो, काय करता? काढा ती टोपी."

"नाय काढणार."

"पोरं बघतात."

"पोरं बघतात म्हणूनच घातली. मला माझ्या घरात उठायबसायची चोरी झालीय. आणि तू त्यांना माझ्या चहाड्या सांगती."

"चहाड्या नाही. मी बोलते. कुणीतरी ऐकतं म्हणून बोलते."

"मी मेलोय का?"

"तुम्ही कधी ऐकलंत? तुम्ही कधी बघितलंत तरी माझ्याकडं? आज मी कुठलं लुगडं नेसलेय, सांगा न बघता."

झोपाळ्याची कडी तेवढी वाजली. मी गाडीत बसले होते. मोबाइल बंद करावा हे मला कळत होतं आणि बोट हलत नव्हतं. मग बाबांचा आवाज आला, इतका हळू की मी मोबाइल कानाला लावला.

"मोरीत पडलो तेव्हा तू फरशीवर बसली होती. माझं धोतर सुटलेलं. तू पदर काढून माझ्यावर घातला. तेवढं एकच मला वाटत होतं, की हे तुझ्याशिवाय कुणी बघू नये. आणि तुम्ही घरात डोळाच आणून बसवला."

 मग काहीतरी धातूचं जोरात पडल्याचा आवाज झाला, घरंगळल्याचा, आणि त्यानंतर काहीच नाही. मी वाट बघितली. हाक नाही, पावलं नाहीत, झोपाळ्याची कडी नाही.

मी आईला फोन लावला. उचलला नाही. बाबांना लावला, तो हॉलमध्येच वाजताना मला कॅमेऱ्यातून ऐकू आला, वाजून वाजून बंद झाला. चुलतभाऊ बागेत माल काढायला, त्याचा फोन लागेना. मी कॅमेऱ्यातून ओरडले, "आई! बाबा! कुणी आहे का?" माझाच आवाज त्या रिकाम्या घरात घुमून उशिरानं माझ्याकडे परत आला.

मी गाडी काढली. नांदूर नाक्यावर नेहमीसारखी कोंडी, पुढे द्राक्षाचे ट्रॅक्टर आणि पिकअप एकामागे एक. मला कुणाला ओलांडता येईना. मोबाइल शेजारच्या सीटवर, त्यावर तो धूसर पांढरा चौकोन. डोळे रस्त्यावर आणि कान त्या चौकोनात. मध्येच दादाचा फोन आला. त्याला तिकडे सूचना गेली होती, तो झोपेतून उठला होता.

"तुला काय दिसतंय? मला नुसतं पांढरं दिसतंय."

"टोपी आहे ती."

"काय?"

"टोपी घातलीय बाबांनी कॅमेऱ्यावर. मी चाललेय. तू ठेव आता."

"ठेवू नको. मी लाइनवर थांबतो."

"दादा, मला गाडी चालवू दे!"

चांदोरीजवळ नदीवरून जाताना माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. कशासाठी ते मला नीट सांगता आलं नसतं. काही झालं असेल या भीतीनं, की त्या पदराच्या वाक्यानं.

घराचं दार उघडंच होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मधोमध पितळेची कळशी आडवी पडलेली, फरशीभर पाणी. मी धावत मागच्या दारी गेले. शेडखाली दोघंही बसले होते. एका क्रेटवर बाबा, दुसऱ्यावर आई. मधल्या उलट्या क्रेटवर पेपरावर द्राक्षांचे दोन घड. आईचे डोळे सुजलेले होते. बाबांचं डोकं तसंच बोडकं. मी त्यांना घराबाहेर टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, तू कशी काय?" आई उठली. "काय झालं? जावईबापू बरे आहेत ना?"

"तुम्ही फोन का नाही उचलला?" मी ओरडलेच. "किती वेळ लावतेय मी! ते काय पडलं?"

"कळशी लाथाडली यांनी आणि आले मागं निघून, मग मीही आले. का, काय झालं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. "तुला कसं कळलं काही पडलं ते?"

"आवाज आला."

"टोपी घातली होती मी."

"टोपीनं दिसायचं बंद होतं, बाबा. ऐकू येतं."

त्यांनी मान खाली घातली. काय काय ऐकलं असेल हिनं, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला मला दिसत होता. मग ते उठले, काठी घेतली आणि बागेत शिरले. वेलींच्या खाली वाकून चालत गेले. संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मी दादाला सांगितलं, सगळं ठीक आहे. त्यानं विचारलं, "मग टोपी काढ ना." मी म्हटलं, "नाही काढत." आमचं फोनवरच वाजलं. तो म्हणाला, "तू तासाभरावर आहेस म्हणून तुला जमतं. मी काय करू? मला तेवढंच आहे." त्याचा आवाज बोलता बोलता फुटला. त्याच्यावर मला रागावता येईना. चहाचा कप फुटला तेव्हा "लागलं का बाबा" असं विचारणारा तोच होता, आणि बाबांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

दिवेलागणीला बाबा आत आले. आईनं कळशी जागेवर ठेवली होती. मी सरळ विचारलं, "काढून टाकू का हे?"

"काढ," बाबा म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाली.

दोघांचं एकदमच आलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, खरंच आश्चर्यानं. "तुला पाहिजे?"

"हो. मला बरं वाटतं. दिवसभरात कुणी बघतं माझ्याकडं, मला शोधतं. मी काय नेसले, काय केलं. तुम्हाला नसेल पाहिजे कुणी बघायला. तुमच्याकडं आयुष्यभर सगळा गाव बघत आलाय, उठून नमस्कार करत आलाय. माझ्याकडं कुणी बघितलं?"

बाबा खुर्चीत बसले. किती दिवसांनी त्या खुर्चीत बसले ते.  टोपी अजून शोकेसवर कॅमेऱ्याच्या डोक्यावरच होती. मी ती काढायला गेले नाही. कुणाची बाजू घ्यावी हे मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी मीच कॅमेरा हॉलमधून काढून घराबाहेरच्या ओट्यावर लावला, फाटकाकडे तोंड करून. मोरीत एक घंटीचं बटण बसवून घेतलं, ते चुलतभावाच्या घरी वाजतं. बाबांना ते चाललं. दादाला चाललं नाही, पण त्यानं मानलं. तो आता रविवारी बाबांना फोन करतो आणि आधी विचारतो, "बाबा, बोलायला वेळ आहे का?" बाबा म्हणतात, "हाय, बोल." फार बोलत नाहीत, पण ठेवतही नाहीत लगेच.

 दोन दिवसांनी आई विटक्या साडीत दिसली, फाटकाशी कचरा टाकायला आली तेव्हा.

मग मी ठरवून शनिवारी दुपारची जायला लागले. तिच्याशेजारी झोपाळ्यावर बसायचं, लसूण सोलायचा, आणि ती बोलेल म्हणून वाट बघायची. एकदा मीच विचारलं, "आई, तू गायचीस ना?" ती लाजली. "कुठलं गं. तेव्हाचं ते." मी फार लावून धरलं तर म्हणाली, "तू अशी समोर बसून बघतेस, मग मला काही सुचत नाही." तिचं खरं असणार. मी पुढे झुकून, तिच्या तोंडाकडे बघत बसलेली, एकीकडे पर्समधल्या मोबाइलकडे लक्ष. तिथं सूचना येत होती. फाटकाशी कुत्रं होतं.

बाबा आता सकाळी पुढे बसतात आणि दुपारी मागे. एकदा मी गेले तेव्हा मागच्या शेडखाली दोन क्रेट शेजारी शेजारी पालथे होते, एकावर आईची जुनी उशी. मी त्याबद्दल कुणाला विचारलं नाही.

मागच्या शनिवारी मी न कळवता गेले. दारापर्यंत आले तर आतून आईचा आवाज येत होता. भरभरून, हसत, वर खाली होणारा, मी पार्किंगमध्ये बसून ऐकायचे तोच. मला वाटलं कुणी पाहुणे आले. आत बघितलं तर ती एकटीच, मोबाइल ओठांशी धरून. इगतपुरीला तिची धाकटी बहीण असते, मावशीनं तिला व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवलं होतं. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, बघायला कुणी नाही. बोलता बोलता तिनं दोन ओळी गायल्यासुद्धा. आवाज थोडा कापत होता, पण सूर धरून होता. मी उंबऱ्याशीच उभी राहिले.

तिनं मान वर केली आणि मला पाहिलं.

"थांब गं, लेक आलीय माझी," ती मोबाइलमध्ये म्हणाली. "बाकीचं नंतर पाठवते."

बोट उचललं, मेसेज गेला. मोबाइल मांडीवर पालथा ठेवून तिनं पदर सारखा केला आणि झोपाळ्यावर माझ्यासाठी जागा केली.

"ये, बस. बोल, काय म्हणतेस?"

मी बसले. आणि मला काही केल्या बोलायला सुचेना.